सीएनसी मिलिंगसाठी खास आकाराचा ब्लँक कसा तयार करायचा: खानदेशातल्या वर्कशॉपवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव एमआयडीसी, धुळ्याचं अवधान, भुसावळ, नंदुरबार आणि आसपासच्या तालुक्यांतून वर्कशॉपवाले, आयटीआयची मुलं, जिनिंग, डाळमिल, चटई आणि पाइप कारखान्यांच्या मेंटेनन्सची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं: सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनच्या टेबलावर बांधलेला तुकडा आणि कॉम्प्युटरला सांगितलेला तुकडा जुळत नाही. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ब्लँक आणि स्टॉक एकच ना? आणि "खास आकाराचा" म्हणजे कसा?

दुकानातून आणलेल्या प्लेटमधून किंवा बारमधून कापून, किंवा ओतून, किंवा वेल्ड करून मशीनवर बांधण्याजोगा केलेला तुकडा म्हणजे ब्लँक. त्या तुकड्याचा जो आकार आपण सॉफ्टवेअरला सांगतो तो स्टॉक. चौकोनी ठोकळा आणि गोल बार सोडून बाकी सगळे खास आकाराचे: एल आकाराचा कट, रिंग, कास्टिंग, फोर्जिंग, वेल्डिंग करून जोडलेला सांगाडा, अर्धवट मशिनिंग झालेला जॉब, झिजलेल्या जागी वेल्ड भरलेला जुना भाग.

२. सरळ चौकोनी ठोकळा आणून त्यातूनच कोरला तर काय बिघडतं?

काहीच बिघडत नाही, पण वजन आणि वेळ मोजून बघा. समजा ३०० बाय २०० मिमीचा एल आकाराचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) ब्रॅकेट आहे, दोन्ही पायांची जाडी ६० आणि उंची ८० मिमी. तयार जॉबचं वजन साधारण १६.६ किलो. सगळीकडून ५ मिमी जास्त (म्हणजे अलाउन्स) धरून ३१० बाय २१० बाय ९० चा ठोकळा घेतला तर तो ४६ किलोचा होतो. तेवढाच अलाउन्स ठेवून ९० मिमीच्या प्लेटमधून एल आकार गॅसने कापून आणला तर ब्लँक २२ किलोच्या आसपास येतो. म्हणजे एका बाजूला २९ किलो लोखंडाचा चुरा करायचा, दुसऱ्या बाजूला पावणेसहा किलोचा. मिनिटाला ६० घनसेंमी मटेरियल निघतं असं धरलं, तर नुसत्या रफिंगला (जास्तीचं मटेरियल भराभर काढायला) ठोकळ्यात ६२ मिनिटं जातात, कापून आणलेल्या ब्लँकमध्ये १२.

चुऱ्याला भंगाराचा भाव मिळतो, पण मूळ तुकड्याचा भाव प्लेटचा लागलेला असतो. शिवाय कटिंगवाल्याकडे उरलेला आतला चौकोन चांगला तुकडा म्हणून पुढच्या जॉबला लागतो.

याउलट ॲल्युमिनियमचा मुठीएवढा एकच जॉब असेल तर खास आकाराच्या नादी लागू नका. कापून आणण्यात अर्धा दिवस जाईल, तेवढ्यात ठोकळ्यातून जॉब निघालेला असेल.

३. ब्लँक कशाने कापावा आणि किती जास्त ठेवावा?

बँडसॉने सरळ कापलेल्या तुकड्याला २ ते ३ मिमी पुरतात, फक्त ब्लेड तिरकं चाललेलं नाही ना हे जाड तुकड्यात गुण्या लावून बघा. गॅस कटिंगला प्रत्येक कडेला ४ ते ५ मिमी ठेवा, जाड प्लेटमध्ये त्याहून जास्त, कारण ज्योत खाली जाताना कड तिरपी होते. प्लाझ्मा त्याच जातीचा. लेझर पातळ प्लेटला उत्तम, दीड-दोन मिमीत काम होतं. वॉटरजेटमध्ये उष्णता नसते, त्यामुळे कड कडक होण्याची भीती नाही. हार्ड मटेरियल किंवा ॲल्युमिनियमची जाड प्लेट असेल आणि दर परवडत असेल तर मी वॉटरजेटलाच पसंती देईन. कास्टिंगचा हिशेब वेगळा आहे, प्रश्न ५ पाहा.

कटिंगवाल्याला ड्रॉइंग देताना तयार जॉबचं देऊ नका. ब्लँकचं वेगळं ड्रॉइंग काढा आणि त्यावर "हा ब्लँक आहे, अलाउन्स धरलेला आहे" असं ठळक लिहा. नाहीतर तो स्वतःचे आणखी ५ मिमी वाढवतो, किंवा तुम्ही वाढवले असतील असं समजून काहीच वाढवत नाही.

४. गॅसने कापलेल्या ईएन-८ च्या कडेवर पहिल्याच पासला एंडमिल (मिलिंगचं कापणारं टूल) उडतो. मटेरियल खराब आलं का?

मटेरियल बहुतेक वेळा ठीक असतं. ईएन-८ हे मध्यम कार्बनचं स्टील, त्यात कार्बन सुमारे ०.४ टक्के. गॅसची ज्योत कड लालभडक करते आणि बाजूचं थंड लोखंड ती उष्णता झपाट्याने ओढून घेतं. म्हणजे कडेचं हार्डनिंग आपणच करून आणलेलं असतं. साध्या एमएसमध्ये कार्बन कमी म्हणून हा त्रास जाणवत नाही. ईएन-२४ या मिश्र स्टीलमध्ये हा त्रास ईएन-८ पेक्षाही जास्त, तिथे कडेला भेगाही पडतात.

कापण्याआधी प्लेट गरम करून घ्यायला सांगा आणि कापल्यावर तुकडा उघड्यावर किंवा पाण्यात गार करू देऊ नका. जमलं तर ब्लँक नॉर्मलाइझ करून, म्हणजे भट्टीत तापवून कडेचा कडकपणा घालवून घ्या. मशीनवर पहिला पास भित्रा घेऊ नका. अर्ध्या मिमीचा पास म्हणजे पूर्ण टूल कडक थरातच घासत राहतं. कडक थराच्या खाली, मऊ लोखंडात धार उतरेल एवढी रुंदी द्या. आणि या एका पासपुरतं क्लाइंब मिलिंग (टूलची धार जाते त्याच दिशेने जॉब सरकतो ती पद्धत) सोडून उलट दिशेने, म्हणजे कन्व्हेन्शनल कापा. त्यात धार आतल्या मऊ भागातून शिरते आणि थर बाहेरच्या बाजूला उचकटून टाकते. खालच्या कडेला लोंबणारा स्लॅग आधी ग्राइंडरने साफ केलेला असावा, नाहीतर जॉब पॅरलल पट्ट्यांवर बसणारच नाही.

५. कास्टिंग करून घ्यायचं आहे. पॅटर्नवाल्याला काय सांगू?

पॅटर्न म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना. पॅटर्नवाल्याला सांगायच्या तीन गोष्टी. पहिली आकुंचन: ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं. राखाडी कास्ट आयर्नला सुमारे १ टक्का, ॲल्युमिनियमला १.३ च्या आसपास, स्टीलला जवळजवळ २. म्हणजे ४०० मिमीच्या सीआय (कास्ट आयर्न) जॉबला पॅटर्न ४०४ चा. हे पॅटर्नवाला स्वतः धरतो, पण धातू कोणता ते त्याला नक्की कळलं पाहिजे. ॲल्युमिनियमसाठी केलेला पॅटर्न नंतर स्टीलला वापरला की माप कमी पडतं.

दुसरी मशिनिंग अलाउन्स. वाळूच्या साच्यातल्या सीआय कास्टिंगला छोट्या जॉबमध्ये ३ मिमी, अर्ध्या मीटरच्या आसपास ४ ते ५. साच्यात जी बाजू वर असते तिला याहून जास्त ठेवा. स्लॅग आणि वायू वर चढतात, त्यामुळे छिद्रं त्याच बाजूला निघतात. म्हणून महत्त्वाचा पृष्ठभाग, म्हणजे बेअरिंगची जागा किंवा सीलिंगची फेस, साच्यात खाली ठेवायला सांगा.

तिसरी गोष्ट सांगायची राहून जाते आणि तीच पुढे सगळ्यांत महाग पडते: पकडायला जागा. पॅटर्नमध्येच तीन छोटे उंचवटे बसायला आणि दोन कान क्लॅम्पला ठेवून घ्या. लाकडाच्या पॅटर्नवर हे काम घटकाभराचं आहे. नंतर प्रत्येक कास्टिंगला पॅकिंग शोधत बसण्यापेक्षा शंभर पटींनी सोपं.

कास्टिंग हातात आल्यावर रायझरचे (साच्यात जास्तीचा धातू पुरवणाऱ्या भागाचे) बुंधे, पार्टिंग लाइनची (साच्याच्या दोन भागांच्या जोडावरची) पाकळी आणि चिकटलेली वाळू काढूनच मशीनवर न्या. वाळू टूलची धार खाऊन टाकते. पहिला पास कातडीच्या खाली जाईल एवढा खोल हवा, हे तत्त्व प्रश्न ४ सारखंच.

६. "भो, कास्टिंग वाकडं शे, व्हाइसमा सरळ बसत नही. काय करानं?"

हा प्रश्न अहिराणीत आला तसाच ठेवला आहे, कारण तो सगळ्यांचा आहे.

आधी व्हाइस विसरा. वाकडा तुकडा व्हाइसमध्ये दाबून सरळ केला तर तो दाबलेला असेपर्यंतच सरळ राहतो. फेसिंग झाकपाक होतं, हँडल सोडलं की तुकडा मूळ वाकावर जातो आणि फेस पुन्हा वाकडी.

कास्टिंग तीन टेकूंवर ठेवा. तीनच, चार नाही. चौथा टेकू आला की जॉब डुगडुगतो आणि क्लॅम्प त्याला वाकवतो. दोन टेकू पक्के आणि एक स्क्रू जॅक ठेवला तर उंची हवी तशी जुळवता येते. क्लॅम्प बरोबर टेकूच्या डोक्यावर आला पाहिजे, दोन टेकूंच्या मधल्या पोकळीवर नाही. मधल्या भागात कंपन येत असेल तर तिथे जास्तीचा जॅक नुसता टेकवा. तो टेकवताना डायल गेज लावून ठेवा, काटा हलला की जॅक जास्त चढला.

मग मार्किंग. सरफेस प्लेटवर किंवा थेट मशीनच्या टेबलावर खडू लावून हाइट गेजने रेघा मारा. कच्च्या बाहेरच्या कडेवरून माप घेऊ नका. ज्या भिंतींवर मशिनिंग होणारच नाही त्या भिंतीपासून सुरुवात करा, कारण तयार जॉबमध्ये भिंतीची जाडी सारखी दिसायला हवी. कोअर (भोकासाठी साच्यात ठेवलेला गाभा) सरकलेला असेल तर भोक मधोमध नसतं. तिथे भोकाचं केंद्र आणि बाहेरची कड यांत मटेरियल वाटून घ्यावं लागतं: इथे अर्धा मिमी सोडायचा, तिथे अर्धा घ्यायचा, असं करत करत प्रत्येक फेसला किमान दीड-दोन मिमी उरतात का ते बघायचं. एखाद्या जागी उरतच नसतील तर ते कास्टिंग मशीनवर चढवण्याआधीच परत पाठवा. दोन तास मशिनिंग करून मग "इथे काळं राहिलं" म्हणून फेकण्यात सगळ्यांचंच नुकसान आहे.

पहिल्या बांधणीत फक्त एक सपाट फेस आणि शक्य असेल तर तिच्यात दोन रीमर केलेली (अचूक मापाची) भोकं काढा. त्यानंतरची प्रत्येक बांधणी त्या फेसवर आणि त्या दोन भोकांच्या पिनांवर. पुढे कास्टिंग कसंही वाकडं आलं तरी फरक पडत नाही.

७. सॉफ्टवेअरमध्ये असा वाकडातिकडा स्टॉक द्यायचा कसा?

फ्यूजन, मास्टरकॅम आणि बहुतेक कॅम सॉफ्टवेअरमध्ये (मॉडेलवरून टूलचा मार्ग, म्हणजे टूलपाथ काढणाऱ्या) स्टॉकच्या सेटिंगमध्ये बॉक्स आणि सिलिंडरच्या पुढे "सॉलिडवरून" असा पर्याय असतो. तयार जॉबच्या मॉडेलची एक प्रत करा, जिथे जिथे अलाउन्स आहे तिथली फेस तेवढी बाहेर ओढा, जी भोकं कास्टिंगमध्ये नाहीत ती बुजवा, कान आणि उंचवटे जोडा. हा झाला ब्लँकचा मॉडेल. तो तयार मॉडेलच्या जागेवरच, त्याच ओरिजिनवर ठेवा आणि स्टॉक म्हणून निवडा.

फाइल दुसऱ्याकडून आली असेल तर स्टेप फाइल (पक्क्या सॉलिडची) मागा. एसटीएल (त्रिकोणांच्या जाळीची फाइल) आली तर एकदा माप घेऊन बघा. एसटीएलमध्ये फक्त आकडे असतात, एकक नसतं. इंचात काढलेली फाइल मिमीत उघडली की स्टॉक २५.४ पटींनी लहान होतो आणि मॉडेलच्या पोटात कुठेतरी ठिपक्यासारखा बसतो. सॉफ्टवेअर मुकाट्याने टूलपाथ देऊन टाकतं.

दुसऱ्या बांधणीसाठी नवा स्टॉक काढत बसू नका. "आधीच्या सेटअपवरून" हा पर्याय घेतला की पहिल्या बांधणीनंतर उरलेलाच आकार पुढे येतो.

८. कास्टिंगचं मॉडेल नाही, प्रत्येक तुकडा थोडा वेगळा. मग स्टॉक कोणत्या मापाचा दाखवू?

ढिगातले पाच-सहा तुकडे घ्या, प्रत्येक फेस मोजा आणि स्टॉकमध्ये प्रत्येक ठिकाणी सगळ्यांत मोठं माप टाका. वर एक मिमी आणखी. सरासरी कधीही घेऊ नका.

स्टॉक खऱ्या तुकड्यापेक्षा मोठा दाखवला तर टूल थोडं हवेत फिरतं, काही सेकंद जातात. लहान दाखवला तर काय होतं ते नीट डोळ्यांसमोर आणा. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने फेसच्या वर ३ मिमी मोकळी हवा आहे, म्हणून ते टूलला जी-०० ने, पूर्ण वेगात, त्या उंचीवरून आडवं नेतं. प्रत्यक्षात तिथे रायझरचा ६ मिमीचा बुंधा शिल्लक आहे. टूल, होल्डर, कधी स्पिंडलचं बेअरिंग, सगळं त्या एका बुंध्यावर जातं.

हँडहेल्ड थ्रीडी स्कॅनर मिळत असेल तर मोठ्या एकट्या जॉबला तो फायद्याचा, प्रश्न १२ पाहा. बॅचच्या कामाला व्हर्नियर, हाइट गेज आणि थोडा धीर पुरतो.

९. झिरो कुठे घेऊ? ब्लँकचा कोपरा तर धड नाही.

कच्चा कोपरा झिरोसाठी वापरूच नका. प्रोग्रॅमचा झिरो (सगळी मापं जिथून मोजली जातात तो बिंदू) तयार जॉबच्या एखाद्या पक्क्या जागेवर ठेवा: भोकाचं केंद्र, किंवा पहिल्या बांधणीत कापलेली फेस. पहिल्या बांधणीत मात्र कच्च्यावरूनच घ्यावं लागतं. तिथे प्रश्न ६ मधल्या मार्किंगच्या रेघा कामाला येतात, स्पिंडलमधली टोकदार पिन रेघेवर आणून जी-५४ (झिरोची जागा साठवणारा ऑफसेट) भरा. प्रोब (स्पर्श करून जागा मोजणारं साधन) असेल तर दोन्ही बाजूंच्या भिंती स्पर्श करून मधला बिंदू काढा. दुसरी बांधणी जी-५५ वर ठेवली की पहिली मोडावी लागत नाही.

१०. प्लेटवरून एक बाजू कापली आणि जॉब केळीसारखा वाकला. का?

बारच्या किंवा प्लेटच्या आत ताण साठलेला असतो. ब्राइट बार थंडच ओढलेला असतो, त्याच्या कातडीत तो जास्त. एका बाजूची कातडी काढली की दुसऱ्या बाजूचा ताण जॉब ओढतो. वेल्डिंग केलेल्या सांगाड्यात तर प्रत्येक जोडाजवळ ताण असतो.

एमएसच्या वेल्ड केलेल्या ब्लँकला ६०० ते ६५० अंशांवर, जाडीच्या दर २५ मिमीला साधारण एक तास या हिशेबाने स्ट्रेस रिलीव्ह करा आणि भट्टीतच सावकाश गार होऊ द्या. हीट ट्रीटमेंट झालेल्या ईएन-२४ ला एवढं तापवू नका, टेंपरिंगच्या तापमानाच्या खालीच राहा, नाहीतर हार्डनेस जाईल. ॲल्युमिनियम प्लेट घेताना टी-६५१ मागा. ती ओढून ताण काढलेली असते. बाजारात एचई-३० म्हणून मिळणारी पट्टी, म्हणजे ६०८२, कामाला उत्तम आहे, पण ती ताण काढलेली असेलच असं धरू नका.

भट्टी नसेल तर दोन्ही बाजूंनी सारखं रफिंग करा, एक मिमी ठेवून क्लॅम्प पूर्ण सोडा, जॉबला वाकायचं ते वाकू द्या, मग हलक्या हाताने बांधून फिनिश करा.

११. मे महिन्यात मापं जुळत नाहीत, सकाळी बरोबर आणि दुपारी चुकतात. मशीनचा दोष की उन्हाचा?

जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात पडलेली प्लेट हात लावू देत नाही. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०२३ मिमी वाढतं, स्टील ०.०१२. उन्हातून ६० अंशांची ४०० मिमीची ॲल्युमिनियम प्लेट थेट मशीनवर बांधली आणि कुलंटने ती ३० वर आली, तर ती पाव मिमीहून जास्त आक्रसते. तेवढ्यात भोकांची अंतरं बदललेली असतात.

म्हणून ब्लँक आदल्या दिवशी संध्याकाळीच शेडमध्ये मशीनशेजारी आणून ठेवा. दुपारच्या पाळीत फिनिशचं काम टाळता आलं तर टाळा, रफिंग करा.

एक बारीक गोष्ट आहे. स्टीलचा जॉब ४० अंशांवर स्टीलच्या मायक्रोमीटरने मोजला तर दोघेही सारखेच वाढलेले असतात, चूक जवळजवळ दिसत नाही. ॲल्युमिनियमचं तसं होत नाही. ४०० मिमीचा जॉब ४० वर बरोबर दाखवेल, आणि गिऱ्हाइकाच्या २० अंशांच्या एसी तपासणी खोलीत ०.०९ मिमीने कमी भरेल. टॉलरन्स कडक असेल तर हा फरक आधीच जोडून घ्या.

१२. जुन्या मोल्डची झिजलेली कड वेल्डने भरली आहे. याचा स्टॉक कसा धरायचा?

ठिबकच्या आणि पाइप फिटिंगच्या मोल्डमुळे हा प्रश्न आपल्याकडे वारंवार येतो. इथे स्टॉक म्हणजे जुना मोल्ड अधिक वेल्डचा ढीग. स्कॅन करून मेश (स्कॅनमधून आलेली जाळी) स्टॉक म्हणून देता आला तर उत्तम. नसेल तर मूळ मॉडेलच्या त्या भागावर ढिगाच्या सर्वांत उंच बिंदूपेक्षा मोठा एक साधा ठोकळा जोडा, आणि टूलपाथची हद्द तेवढ्याच भागापुरती आखा. बाकीचा मोल्ड तयार आहे, तिथे टूल गेलंच नाही पाहिजे.

झिरो मोल्डच्या न झिजलेल्या जागेवरून, शक्यतो गाइड पिनच्या भोकांवरून घ्या. वेल्डचा थर आजूबाजूच्या पी-२० (मोल्डचं स्टील) पेक्षा कडक असू शकतो, म्हणून कार्बाइडचं टूल, लहान पास. वेल्डिंगच्या आधी मोल्ड गरम केला नव्हता असं कळलं तर आधी भेगा तपासा. भेग असलेल्या कडेवर मशिनिंग करणं व्यर्थ आहे.

१३. नायलॉन किंवा लाकडाचा ब्लँक असेल तर?

नायलॉन हवेतली ओल पितं आणि फुगतं, पावसाळ्यात जास्त. माप टिकायला हवं असेल तर डेलरिन हे दुसरं प्लास्टिक घ्या. लाकूड, सातपुड्याचा साग असला तरी, पूर्ण वाळलेलं असावं. पकड दोन्हींना हलकी, नाहीतर पकडलेल्या जागी दबतं.

१४. सगळं नीट केलं. पहिला तुकडा चालवताना काय बघू?

झेडचा ऑफसेट ५० मिमी वर उचलून पूर्ण प्रोग्रॅम हवेत चालवा आणि टूल कानांच्या, क्लॅम्पच्या, बोल्टच्या डोक्यांवरून जातं का ते बघा. सॉफ्टवेअरला क्लॅम्पचं मॉडेल दिलं नसेल तर त्याला ते माहीत नाहीत. मग ऑफसेट परत आणा, रॅपिड (मोकळ्या हालचालीचा वेग) २५ टक्क्यांवर, सिंगल ब्लॉक (एकेक ओळ चालवणं) चालू. टूल ब्लँकजवळ येताना फीड होल्ड (हालचाल थांबवणारं बटण) दाबा आणि स्क्रीनवरचं उरलेलं अंतर, म्हणजे डिस्टन्स टू गो, डोळ्यांना दिसणाऱ्या अंतराशी ताडून बघा. स्क्रीन म्हणते ४० उरले आणि टूल कास्टिंगपासून बोटभर दूर आहे, तर तिथेच थांबा. ऑफसेट किंवा स्टॉक, दोहोंपैकी एक चुकलंय. प्रश्न ८ आणि ९ कडे परत जा.